गवतातला ससा

टक्.

मग टक् टक् टक्, आणि काहीतरी गडगडत कपाटाखाली गेलं.

सकाळपासून घरात कुणी बोललं नव्हतं. त्यामुळे एवढासा आवाजही दचकवून गेला. ओले हात तसेच घेऊन ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. पलंगावर खारू झोपली होती. तिची पाच वर्षांची मुलगी, दोन दिवसांच्या तापाने मलूल झालेली. एक हात पलंगाबाहेर लोंबत होता आणि मूठ सुटली होती.

खारू हे नाव तिला तिच्या खिशांमुळे पडलं होतं. बटणं, खडे, पेन्सिलींची थोटकं, दुसऱ्यांच्या किल्ल्या. दिसेल ते उचलायचं आणि साठवायचं.

तिने कपाटाखाली झाडू घातला. धुळीच्या गोळ्याबरोबर एक फासा बाहेर आला. पिवळट पांढरा, एक्क्याचा ठिपका लाल, एक कोपरा उडालेला.

हा फासा ती ओळखत होती. प्रयोगशाळेतला. उद्या परत करू, असं म्हणून तिने तो खिशात टाकला, आणि उद्या काय आहे ते आठवलं.

उद्या अकरा वाजता भाऊजीच्या चौकशीचा निकाल होता.

भाऊजी, म्हणजे तिचा धाकटा दीर, गॅलरीत पाठमोरा बसला होता. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. तो फिटर होता. तिच्याच कंपनीत, पण बाहेरच्या कामावर. पंधरा दिवसांपूर्वी त्याने पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एक नवं यंत्र बसवलं. कागदोपत्री त्याचं नाव सिग्नल स्पेक्ट्रम अॅनालायझर. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'कान' म्हणत. पंपावर एक सेन्सर घट्ट बसवायचा, सेन्सर पंपाची थरथर कानाकडे पाठवणार, आणि त्या सगळ्या गोंगाटातून झिजलेल्या बेअरिंगची बारीक शिट्टी कान ओळखणार. ओळखली की लाल दिवा.

परवा बेअरिंग फुटलं, दांडा तुटून उडाला. पंपचालकाचा उजवा हात कोपरापर्यंत चिरडला. दिवा शेवटपर्यंत हिरवाच होता.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. कान तीस चाचण्यांपैकी तीस पास झालाय. म्हणजे कान चुकत नाही. म्हणजे सेन्सर ढिला बसवला होता. म्हणजे फिटर. उद्या नोकरी जाणार होती आणि पोलिसांत तक्रारही.

"मी सेन्सर पान्याने आवळला होता, वहिनी," भाऊजी मागे न वळता म्हणाला. सकाळपासूनचं हे पहिलं वाक्य. "तीन वेळा."

"माझा विश्वास आहे, भाऊजी."

"तुमच्या अहवालावर पण विश्वास आहे ना?"

खारू झाल्यापासून ती अर्धा दिवस काम करायची. चाचण्या दुसरे घेत, ती आकडे बघून अहवाल लिहायची. 'तीसपैकी तीस' या ओळीखाली तिचीच सही होती.

*

खारू उठली ती थेट खिडकीपाशी गेली. तिचे कागद तिथे होते. प्रयोगशाळेतले पाठकोरे कागद; एका बाजूला चाचणीचा आलेख, दुसरी बाजू कोरी. मास्तर दर आठवड्याला खारूसाठी गठ्ठा बांधून द्यायचे. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. खारूच्या आईला हाताला धरून काम शिकवलेले. खारू त्यांना मास्तरआजोबा म्हणायची.

खारूने दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेड आरपार आला.

"आई, ससा बघ."

"हं."

"बघ ना. गवतातला ससा. या कागदात पण तिथेच बसलाय."

आलेखातल्या गोंगाटाला प्रयोगशाळेतले लोक गवत म्हणत. खाली खुरटी, वेडीवाकडी दातेरी रेघ, आणि तिच्यात एखादा उंच देठ. देठ म्हणजे शिट्टी. गवत कसंही उगवावं, देठ तेवढा सापडावा, एवढीच कानाची परीक्षा.

ती जवळ गेली. डावीकडून चार बोटांवर दोन टोकं शेजारीशेजारी वर आली होती, कानांसारखी. खाली गोल पाठ.

"आणि या कागदात?"

"त्यात पण. सगळ्यांत आहे. तो हलतच नाही."

तिने कागद ओढून घेतले. कोपऱ्यात छापलं होतं, 'नऊ तारीख, चाचणी चार'. दुसऱ्यावर, 'दहा तारीख, चाचणी बावीस'. देठ वेगवेगळ्या जागी. पण गवत तंतोतंत एकच. पातं न् पातं.

तिने तिसरा लावला. चौथा. सातवा. प्रत्येकात ससा.

खऱ्या गोंगाटात एक ससा दोनदा बसत नाही. आकाशातला ढग दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा दिसेल का?

"खारू, इकडे ये." तिने खिशातून फासा काढला. "हा कुठून आणलास?"

खारूने खाली बघितलं.

"रागावणार नाही. सांग."

"मास्तरआजोबांच्या टेबलावरून."

"कधी?"

"माझं पाळणाघर बंद होतं ना, तू मला घेऊन गेलीस, तेव्हा."

"नक्की त्याच दिवशी?"

"मी परत कुठे गेले तिकडे?"

खरंच होतं. पाळणाघर एकदाच बंद होतं. सहा तारखेला. आणि याच फाशाने घ्यायच्या चाचण्या नऊ-दहाच्या.

ती खुर्चीत बसली. गॅलरीतून भाऊजी वळून बघत होता.

"भाऊजी, खारूकडे बघाल? मी जाऊन येते."

"कुठे?"

"कागद परत करायला," ती म्हणाली.

*

प्रयोगशाळेत चार वाजताचं ऊन तिरपं आलं होतं. टेबलावर तारांचे गुंते, पंखा, आणि दुसरा एक कान झाकण काढून ठेवलेला. संगणकापाशी हेडफोन बसला होता. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांसाठी तो हेडफोन, कारण ती वस्तू त्याच्या गळ्यातून कधी निघत नसे. चाचणीचा प्रोग्राम त्याने लिहिलेला.

"ताई, रजेवर आहात ना?"

"आहे. मला एक नीट समजावून सांग. खोटा गोंगाट कसा बनतो?"

"तुम्हाला माहीत आहे की."

"तरी सांग."

त्याने खांदे उडवले. "प्रोग्रामला सहा आकडी संख्या द्यायची. त्या संख्येपासून तो गोंगाट बनवतो. तीच संख्या दिली की तोच गोंगाट, दुसरी दिली की दुसरा. त्यात एक बारीक शिट्टी लपवायची आणि कानाला ऐकवायची. तीस चाचण्यांना तीस संख्या. त्यांचा तक्ता आधी भरून ठेवायचा."

"संख्या कुठून?"

"मास्तरांचा फासा." तो हसला. "सहा वेळा टाकायचा, सहा आकडे लिहायचे. मी म्हटलं, मास्तर, संगणक अर्ध्या सेकंदात देईल. तर म्हणे, यंत्राची परीक्षा यंत्राला विचारून घेतात का?"

"एकच गोंगाट पुन्हापुन्हा वाजवायचा असेल तर?"

"कुलूप लावायचं. बिघाड शोधताना लागतं ते. गोंगाट बदलत राहिला तर बिघाड सापडत नाही. म्हणून तो एका जागी बांधायचा, दुरुस्ती करायची, मग कुलूप काढायचं."

"कुलूप असताना तक्त्यात नवी संख्या भरली तर?"

"भरा खुशाल. घेतच नाही."

"कळतं का कुठे?"

"कोपऱ्यात एक पिवळा ठिपका असतो." त्याने मान खाजवली. "बारीक आहे. मोठा करायचा राहिलाय."

तिने खारूचे कागद त्याच्या पुढ्यात ठेवले आणि दोन उचलून खिडकीला धरले. तो बघत राहिला. हेडफोन त्याने गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. तिने ते पहिल्यांदाच पाहिलं.

"तीसही चाचण्या कुलपात?"

"तीसही. आता तक्ता काढ."

तक्ता समोर आला. टाईप केलेल्या तीस ओळी. अक्षर कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांचा पासवर्ड एकच.

५२४१६३
२६१३५४
४१५२६४
१३६२५१

"मागच्या वर्षीचा दाखव."

३३१६५२
४६६६१५
२१४४३५

तिने दोन्ही तक्ते ओळीला ओळ लावून बघितले. मग विचारलं, "हा नवा तक्ता भरला कधी?"

त्याने शोधलं आणि त्याचा आवाज उतरला. "दहा तारीख. संध्याकाळी सहा दहा."

"आणि शेवटची चाचणी?"

"साडेचारला." तो थांबला. "म्हणजे आधी चाचण्या, आणि मग संख्या. ताई, मी नाही. देवाशपथ. नऊ-दहाला मी गोदामात केबल मोजत होतो."

"खोलीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, मास्तरांकडे, बाईंकडे."

"तूच भरल्या असत्या, तर कशा भरल्या असत्यास?"

"मी?" तो जवळजवळ दुखावला. "संगणकाकडून काढून घेतल्या असत्या. हाताने एकशे ऐंशी आकडे कोण बसून बडवणार?"

*

बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. त्यांच्या खोलीचं दार नेहमी अर्धं उघडं असे, आत यावं की नाही ते आपण ठरवायचं.

"दीर आहे तुमचा, मला कळतं," त्या फायलीतून वर न बघता म्हणाल्या. "पण यात पडू नका."

"एकच विचारायचं होतं. अकरा तारखेला यंत्र गेलंच पाहिजे, हे तुम्ही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. ते माझं काम आहे."

"नऊ-दहाला तुम्ही चाचणीच्या खोलीत होतात?"

"दोन्ही दिवस दहा-दहा मिनिटं. तीसपैकी तीस झाल्याचं कळलं तेव्हा मास्तरांचं अभिनंदन केलं. का?"

"तक्त्यात संख्या भरल्या का कधी?"

"एकदा. गेल्या वर्षी पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला नऊ लाख नव्याण्णव की काय टाकलं. मास्तर असे बघायला लागले की जसं मी त्यांच्या ताटातलं उचललं." बाईंनी चष्मा काढला. "संख्येला काय सोनं लागलंय? कुठलीही चालते ना?"

"हो," ती म्हणाली. "कुठलीही चालते."

जिन्यात ती थांबली. आतापर्यंत तिला वाटत होतं की आपण चोराच्या मागे आहोत. आता वाटू लागलं की चोर समोरून येतोय आणि आपल्यालाच वाट चुकवायची आहे.

*

मास्तर मागच्या खोलीत होते. महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे होते. कप्पे रिकामे करून स्क्रू आकाराप्रमाणे डब्यांत लावत होते.

"ये, पोरी. ताप उतरला का गं खारूचा?"

"उतरला. सकाळपासून नाहीये."

"त्या लाल खोक्यात लिमलेटच्या गोळ्या आहेत, ने तिला. आणि कागद संपले असतील. गठ्ठा बांधून ठेवलाय."

तिने गठ्ठा उचलला नाही.

"मास्तर, ते तीसपैकी तीस. फासा कुणी टाकला?"

"मीच. दुसरं कोण टाकणार?"

"सगळ्या वेळा?"

"तीस सक एकशे ऐंशी. बोटं दुखली." ते हसले. हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "तुझ्या दिराचं वाईट वाटतं गं. चांगला मुलगा आहे. घाईत हात ढिला पडला असेल. होतं."

"फासा कुठला, मास्तर?"

"हे काय विचारणं? किती फासे आहेत आपल्याकडे? लाल एक्क्याचा. कोपरा उडालेला."

खिशात तिची मूठ आवळली. उडालेला कोपरा तळव्यात रुतला.

"आता कुठे आहे तो?"

"असेल इथेच." त्यांनी टेबलावर नजर फिरवली. "आवराआवरीत गेला असेल कुठे."

ती उठली. दारापाशी गेल्यावर ते म्हणाले, "गोळ्या विसरलीस." तिने गोळ्या घेतल्या. घेतल्याशिवाय निघता येईना.

*

अकराला पाच मिनिटं कमी असताना सभेच्या खोलीत पाच माणसं बसली होती. बाई, मास्तर, हेडफोन, भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पंपघराचे अधिकारी. ते रात्रभर जागलेले दिसत होते. त्यांच्या शर्टाला अजून दवाखान्याचा वास होता.

ती उभी राहिली.

"आधी एक आवाज ऐका," ती म्हणाली. "पंपघरातून काढून आणलेल्या कानाच्या पोटात त्या सकाळची थरथर साठलेली आहे. तीसपैकी तीस म्हटल्यावर ती ऐकायची कुणाला गरज वाटली नाही."

हेडफोनने कळ दाबली. खोलीभर घरघर पसरली. अधिकाऱ्यांनी मान तिरकी केली. पाण्याचा खळखळाट, मोटरीचा गुरगुराट, आणि या सगळ्याच्या मागे, अगदी मागे, सुईसारखी एक शिट्टी.

"आहे," अधिकारी म्हणाले. "आहे की. मला ऐकू येतेय."

"सेन्सर ढिला असता तर ती इथवर पोचलीच नसती," ती म्हणाली. "सेन्सरने शिट्टी पाठवली. कानाने ओळखली नाही."

भाऊजीने दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू आता ते दाखवायला हरकत नव्हती.

"मग तीसपैकी तीस कसे?" बाईंनी विचारलं.

तिने खिडकीला चिकटपट्टीने कागद लावले. सात कागद, एकावर एक. उजेड आरपार आला आणि ससा दिसला.

"घरी नळ चालू असतो, मिक्सर चालू असतो, शेजारचा रेडिओ चालू असतो. त्यातून मला मुलीचा खोकला ऐकू येतो. गोंगाट रोज वेगळा, तरी येतो. कानाला हेच यायला हवं होतं. म्हणून प्रत्येक चाचणीला नवा गोंगाट द्यायचा असतो. इथे तीसही वेळा एकच दिलाय. गोंगाटाला कुलूप होतं. कुलूप लावूनच दुरुस्ती झाली, त्यामुळे कानाला त्या एका गोंगाटाची ओळख पटली. त्यात तो शहाणा. दुसऱ्या कुठल्याही गोंगाटात बहिरा. आज सकाळी आम्ही दहा नव्या गोंगाटांवर घेतली परीक्षा. दहापैकी चार."

"कुलूप काढायला विसरले असतील," बाई म्हणाल्या. "विसरण्याला गुन्हा म्हणत नाहीत."

"नाही म्हणत. पण चाचण्या साडेचारला संपल्या, आणि संख्यांचा तक्ता सहा दहाला भरला गेला. ज्याने तो भरला त्याला कळलं होतं की आपण विसरलो. त्याने ते झाकलं."

"तक्ता भरणारा कोण?" तिने पाण्याचा घोट घेतला. "त्या संख्यांत सात, आठ, नऊ, शून्य कुठेच नाही. एक ते सहाच. फाशाचे असावेत तसेच. बाईंना फाशाचं काही नव्हतं. त्यांनी कुठलीही संख्या टाकली असती, टाकलीही होती एकदा. म्हणजे त्या नाहीत. पण हे आकडे फाशाचेही नाहीत. फासा टाकला की मधूनच तोच आकडा लागोपाठ पडतो. तीन-तीन. सहा-सहा-सहा. मागच्या वर्षीच्या तक्त्यात अर्ध्याहून जास्त ओळींत अशा जोड्या आहेत. नव्या तीस ओळींत एकही नाही. माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा जोडी टाळतो. त्याला वाटतं, जोडी खोटी दिसेल. हेडफोनने संगणकाकडून आकडे काढले असते, तर जोड्या आल्या असत्या. म्हणजे तोही नाही."

तिने खिशातून फासा काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. लाल एक्का वर.

"हा सहा तारखेला माझ्या मुलीने खिशात घालून घरी नेला. चाचण्या नऊ आणि दहाला झाल्या. काल एकाने मला सांगितलं की त्याने याच फाशाने एकशे ऐंशी वेळा..."

मास्तर फाशाकडे बघत होते.

"तरी म्हटलं गेला कुठे," ते हळूच म्हणाले.

मग ते बोलू लागले, नेहमी शिकवताना बोलायचे तसेच, पायरीपायरीने. आठ तारखेला बिघाड शोधायला कुलूप लावलं. बिघाड सापडला. आनंदात कुलूप काढायचं राहिलं, आणि कुलपामुळे प्रोग्रामने तक्ता मागितलाच नाही. तीसपैकी तीस आले, बाईंनी हात हातात घेतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे गेल्यावर तक्ता भरायचा राहिलाय म्हणून संगणक उघडला, आणि तो पिवळा ठिपका दिसला.

"पुन्हा घ्यायच्या होत्या. अख्ख्या. त्यासाठी आधी फासा हवा होता. शोधला. सगळे कप्पे शोधले. सापडला असता तर..." त्यांनी डोळे मिटले. "हातात घेतला असता तर खोटं लिहवलं नसतं माझ्याने. पण नाही सापडला. सहा वाजले. म्हटलं, यंत्र चांगलंच आहे, माझ्या हाताखालून गेलंय. निवृत्त व्हायच्या आत हळूच सुधारून देऊ."

"आणि भाऊजी?" तिने विचारलं.

"रोज ठरवायचो, आज सांगू."

भाऊजीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मास्तर, काल मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, धीर धर."

अधिकारी उठले, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. "आमच्या माणसाचा उजवा हात परत यायचा नाही," ते म्हणाले. "हे लिहून घ्या कुठेतरी." बाईंनी फोन उचलला. आता तक्रार होणार होती ती दुसऱ्या नावाने.

दारातून जाताना मास्तर तिच्यापाशी थांबले. "जोड्यांचं कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच," ती म्हणाली. "माणसाने मनाने निवडू नये, माणूस लबाड असतो. पहिल्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशीच.

*

घरी आल्यावर भाऊजी दोन ताटं जेवला. मग फिरतीवर असलेल्या भावाला, खारूच्या बाबांना, फोन लावला आणि मोठमोठ्याने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, शिट्टीपासून फाशापर्यंत, मास्तर काय म्हणाले तेही शब्दाला शब्द. ती भांडी घासत होती. मधे दार लावून घ्यायला हवं होतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

खारू खिडकीपाशी बसली होती. कागद समोर होते, पण ती काढत काही नव्हती. मूठ उघडून रिकाम्या तळव्याकडे बघत होती.

"गोळी हवी?" तिने विचारलं. "मास्तरआजोबांनी दिलीय."

खारूने मान हलवली. नको.

"आई."

"काय गं?"

"आजोबांनी तो खूप शोधला?"

"हो."

खारूने रिकामी मूठ मिटली. आत अजून काही असल्यासारखी, घट्ट.

"मी फासा आणला नसता, तर आजोबा खोटं बोलले असते का?"